मुशी आणणारा भाऊ

माझा धाकटा भाऊ दर वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात महाडकडून वरंधा घाट चढून घरी यायचा. तो एसटीतून उतरायच्या आधीच लोकांना कळायचं, कारण त्याच्या गोणपाटात खारी मुशी असायची आणि तिचा वास गाडीभर पसरलेला असायचा. कंडक्टर त्याला पार मागच्या सीटवर बसवायचा. हा हसत बसायचा. हिर्डोशीच्या फाट्यावर उतरला की गोणपाट खांद्यावर टाकून आमच्या वाडीकडे चालायला लागायचा. चढाची तासाभराची वाट, पण मधे कुठे टेकायचा नाही.

मुशी म्हणजे शार्क, हे मला पुढे शाळेत शिकवायला लागल्यावर कळलं. आमच्याकडे ती मुशीच. मीठ लावून वाळवलेली, फळीसारखी ताठ. पहिल्या वर्षी त्याने आणलेली मुशी आईने दाराला टेकवून उभी केली तर तिचं टोक चौकटीच्या वर गेलं. आईने तिचे कोयत्याने तुकडे केले, भिजत घातले, निखाऱ्यावर भाजून कालवण केलं आणि सोबत नाचणीची भाकरी. बाळंतिणीला मुशीचं कालवण दिलं की दूध येतं, असं तिकडचे कोळी सांगतात म्हणून त्याने आईला सांगितलं आणि आईने वाडीभर. मग कुणाची सून, कुणाची लेक बाळंत झाली की बायका वाटी घेऊन यायच्या. "मुशीवाल्याची आई हायेत का?" अशी हाक यायची. आईला त्या हाकेचा फार अभिमान होता.

आम्ही डोंगरातली माणसं. समुद्राशी आमचं काही नातं नव्हतं. धरण झालं तेव्हा आमची खालची चांगली भाताची खाचरं पाण्यात गेली. वर तीन लहान खाचरं उरली, थोडी वरकस जमीन उरली, म्हणजे उतारावरची, नाचणी-वरईची, आणि शेळ्या. वडील त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. भाऊ एकवीस वर्षांचा असताना महाडच्या बाजारात त्याला कुणीतरी सांगितलं की बंदरावर मोठ्या बोटींना खलाशी लागतात, पोहता आलं पाहिजे असंही काही नाही. तो गेला. पावसाळ्यात मासेमारी बंद असते आणि त्याच दिवसांत आमची भातलावणी असते. आईला वाटलं, हे देवानेच जुळवून दिलंय. दहा महिने पाण्यावर, दोन महिने चिखलात.

चिखलणी करताना, तरवा म्हणजे भाताची रोपं उपटताना तो बोलत राहायचा. त्याच्या गोष्टी ऐकायला शेजारचे मुद्दाम आमच्या खाचरात हात लावायला यायचे. बोटीच्या पुढे उड्या मारणारे मासे, आरशासारखी सुरमई, एका माणसाला न उचलवणारी घोळ. मुशी जाळ्यात आली की सगळे मागे सरायचे आणि तांडेल एकटा पुढे व्हायचा. तांडेल म्हणजे बोट चालवणारा, बोटीवरचा मुख्य माणूस. हा तांडेल वयाने मोठा होता आणि भावाला त्याने पोटच्या पोरासारखं शिकवलं होतं. "माणूस कसा हाय सांगू आक्का? पाण्याकडं बगून सांगतो खाली काय हाय ते," भाऊ म्हणायचा. मी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. तो मला आक्काच म्हणायचा.

माझं लग्न आंबवड्याला झालं. जवळच्याच एका गावात मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. भाऊ घरी आला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माझ्याकडे मुशीचा तुकडा घेऊन यायचा. एका वर्षी त्याने कागदाच्या पुडीतून काढलं ते सगळं मिळून माझ्या हाताच्या कोपरापर्यंत भरलं. डोकं, शेपटी, सगळं त्यात आलं.

"हे पिल्लू आहे का रे?"

"व्हय."

"मोठी नाही आणलीस?"

"मोठी न्हाई ऱ्हायली आता. हेच मिळतंय." एवढं बोलून त्याने विषय बदलला. मीही फार विचार केला नाही. मी ते शिजवलं. मऊ होतं, लवकर शिजलं.

त्यानंतरच्या कुठल्यातरी जूनमध्ये तो मला भेटायला थेट शाळेत आला. मुलं सुटलेली होती. मी वर्गात नवीन तक्ते लावत होते. त्यातला एक अन्नसाखळीचा होता: गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार, आणि मधे बाण. भाऊ सातवीपर्यंतच शिकला होता. त्याने तक्त्यासमोर उभं राहून सगळे बाण बोटाने फिरवून पाहिले.

"ह्यातली घार काढली तर?"

"मग साप वाढतील," मी खिळा ठोकता ठोकता म्हणाले.

"मंग बेडूक?"

"बेडूक कमी होतील. सापच खातील ना सगळे."

"मंग नाकतोडे माजतील, आन् गवात संपल." त्याने बोट परत घारीवर नेलं. "आक्का, तुमाला हे पुस्तकात हाय. आमी ते करतोय तिकडं."

तेव्हा त्याने मला केंड माशाबद्दल सांगितलं. केंड हा गोल, लहान मासा. धरला की फुग्यासारखा फुगतो. तोंडाला पक्ष्यासारखी चोच आणि तिची धार अशी की जाळ्याचा दोरा सुपारीसारखा कातरतो. पोटात विष, म्हणून कुणी खात नाही, कुणी विकत घेत नाही. पूर्वी वर्षातून कधीतरी चार-दोन केंड यायचे आणि खलाशी गंमत म्हणून ते फुगवून पाहायचे. आता जाळं वर आलं की अर्धं केंडांनीच भरलेलं असतं. ते जाळ्यातली कोळंबी खातात, माकूळ अर्धवट कुरतडून टाकतात, आणि भोकं पाडून ठेवतात. दिवसच्या दिवस जाळी शिवण्यात जातात.

"एवढे आले कुठून?" मी विचारलं.

"आले न्हाईत, हितंच व्हते. त्यांना खाणारे आमी काढले. मुशी काढली, सकला काढला, मोठाले मासे सगळे काढले. लहान केंडाला तेच गिळायचे. तांडेल म्हणतो, वरचे गेले की मधले माजत्यात, आन् मधले माजले की खालच्याचं काय खरं न्हाई." मग त्याला आमच्या आजोबांची आठवण झाली. आजोबा सांगायचे, घाटाच्या रानात कोळसुनांचे, म्हणजे रानकुत्र्यांचे, कळप होते. शेळ्या न्यायचे म्हणून लोकांनी मेलेल्या जनावरात विष घालून ते संपवले. त्यानंतर रानडुकरं वाढली आणि आता नाचणी कापणीला आली की आम्हाला पत्र्याचे डबे वाजवत राखण करावी लागते. "तसंच हाय बग. पन डुकराला डबा वाजवता येतो. केंडाला काय वाजवू?" असं म्हणून तो हसला. मीही हसले. त्या दिवशी त्याच्या डाव्या हाताच्या करंगळीला चिंधी बांधलेली होती. विचारलं तर म्हणाला, केंड चावला, एवढं काही नाही.

मागच्या मे महिन्यात बोट बंद व्हायच्या आधीच्या शेवटच्या फेरीत जे झालं ते त्याने फक्त मला सांगितलं. आईला नाही, बायकोलाही नाही, असं मला तेव्हा वाटलं होतं. आम्ही दोघं बांधावर बसलो होतो. तरवा अजून लहान होता.

खूप दिवसांनी एक मोठी मुशी जाळ्यात आली होती. सगळी बोट आनंदली. तिला फळीवर ओढलं तेव्हा ती जिवंत होती. दमली होती, तोंड उघडत मिटत होती. आणि तिथेच, सगळ्यांच्या पायाशी, तिची पिल्लं बाहेर यायला लागली.

"मुशी अंडी नाही घालत?"

"ही न्हाई घालत. शेळीवानी हाय. जिवंत पिल्लं. पयलं आलं, मंग दुसरं. नऊ आली आक्का. हलत व्हती सगळी."

आमच्या घरात शेळी व्यायला लागली की भावालाच बोलवायचे. आडवं आलेलं करडू वळवून काढण्यात त्याचा हात बसलेला होता. त्याने ती पिल्लं एकेक करून उचलली आणि पाण्यात सोडली. कुणी त्याला अडवलं नाही. तांडेल म्हणाला, "जगायची नाहीत ती. दिवस भरले नव्हते त्यांचे." मग त्यांची आई, ती मुशी, बर्फात गेली.

"गाभण शेळी कुणी कापतं का, आक्का? आपल्याकडं खाटीक सुदा इचारून घेतो. म्या त्या दिवशी तांडेलला तेच म्हनालो. तर तो माझ्याकडं बगंना. म्हनला, मला काय कळत न्हाई व्हय? पन हे असं मनाला लावून घ्यायचं असंल तर जाळं टाकू नको."

"मग?"

"मंग काय. म्या न्हाई टाकणार. न्हाई जायाचं मला परत."

जून गेला, जुलै गेला. लावणी झाली. बोटी सुटायचे दिवस आले तशी तांडेलची हाक मोबाईलवर यायला लागली. भाऊ फोन वाजू द्यायचा. आईने मला निरोप धाडला: येऊन त्याला समजाव, तुझंच ऐकतो.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी मी माहेरी गेले. आमच्याकडे त्या दिवशी बहिणी भावासाठी उपवास धरतात. भावाला आयुष्य मिळावं म्हणून. माझाही उपवास होता. भाऊ गोठ्यात शेळ्यांना पाला टाकत होता. मी दारात उभी राहिले आणि बोलले. काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. ते विसरता आलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

मी म्हणाले, "तू एकट्याने जाळं सोडलंस म्हणून समुद्र भरणार आहे का? तू नाही गेलास तर तुझ्या जागी दुसरा उभा राहील. मासे तेवढेच मरतील." तो पाला टाकत राहिला. मी आणखी बोलले. "पोरगी चौथीत आहे. तिला पुढे शिकवायचं की तिच्या हातात काठी देऊन शेळ्यांमागे धाडायचं? घरी बसून मुशीचं सुतक पाळणार आहेस का?"

शेवटचं वाक्य मी मुद्दाम टोचून बोलले. शाळेत हट्टी मुलाला बोलते तसं. मला वाटलं, असं बोलल्याशिवाय तो हलणार नाही.

त्याने हातातला पाला खाली ठेवला. म्हणाला, "आक्का, तुमचा तक्ता म्या नीट बगितला व्हता." बस. एवढंच. चिडला नाही. दुसऱ्या दिवशी नागोबाला दूध-लाह्या वाहताना माझ्या शेजारी उभा राहिला, जेवताना मला पुरणाचं दिंड आग्रहाने वाढलं. तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेला.

नवरात्र बसायला चार दिवस होते. शाळेत असताना फोन आला, नवऱ्याचा. "हिर्डोशीला चल" म्हणाले, बाकी काही सांगितलं नाही. त्यांच्या आवाजावरून मला कळलं होतं आणि तरी मी वर्गाला गणितं घालून दिली, हजेरीपट कपाटात ठेवला, कुलूप लावलं.

आम्ही पोचलो तेव्हा ॲम्ब्युलन्स फाट्यावर उभी होती. तिथून वर वाडीपर्यंत गाडी जात नाही. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं. सगळ्यांच्या मागे एक म्हातारा माणूस धापा टाकत चढत होता, काळा, बुटका, टोपी हातात. डोंगर चढायची सवय नसलेला. मी ओळखलं. तांडेल होता.

सगळं झाल्यावर तो आमच्या ओट्यावर बसला. पाणीसुद्धा घेईना. आईच्या समोर बसून त्याने सांगितलं, मान वर न करता.

"जवळ काही गावत नाही बाय आता. बारा-बारा दिवस लांब जावं लागतं. पूर्वी दोन दिवसांत भरून यायचो. ह्या खेपेला पार खोलात होतो. जाळं ओढलं, सगळा केंड. हा ते सोडवत होता. एक अंगठ्याच्या बुडाशी चावला. आम्ही सगळेच चावून घेतो रोज. त्याने हळद दाबली, कामाला लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी हात कोपरापर्यंत सुजला. काळे फोड आले. अंग भाजत होतं. मी जाळी तोडून टाकली बाय, तशीच पाण्यात सोडली आणि बोट वळवली. पण दोन दिवसांची वाट होती." त्याने हातातली टोपी ओट्यावर ठेवली. "किनारा दिसायला लागला तेव्हा दुपार होती. मी त्याला म्हणालो, बघ, दिसतोय. तेव्हा तो नव्हता."

आईने विचारलं, "काय बोलला का?"

"सारखा पाणी मागत होता. आणि शेळ्यांना हाका मारत होता. आम्हाला कळायचं नाही, कुणाला बोलावतोय."

आई पदर तोंडात कोंबून बसली. तांडेलने तिच्या पायावर डोकं ठेवलं आणि खूप वेळ उचललं नाही. "मी शिकवलं त्याला," तो म्हणत होता, "मीच शिकवलं." त्याच्या वयाच्या माणसाला असं रडताना मी पाहिलं नव्हतं. मला त्याच्या शेजारी बसून तेच करायचं होतं. पण मी भिंतीला टेकून उभी राहिले, कारण मी त्या घरातली शिकलेली होते आणि सगळे माझ्याकडे बघत होते.

महिन्याभराने भावजय म्हणाली, त्यांची पेटी तिकडं ऱ्हायलीय, आणायला पायजे. ती कधी घाट उतरली नव्हती. मी रजा टाकली आणि तिच्याबरोबर गेले. महाडहून दुसरी गाडी, मग रिक्षा. बंदरावर तांडेल आमची वाट पाहत होता. त्याने पेटी बाहेर काढून ठेवली होती, पुसून. त्यात दोन शर्ट, एक स्वेटर, मोबाईलचा चार्जर आणि पोरीसाठी घेतलेली कंपासपेटी होती.

धक्क्यावर एका बाजूला माशांचा मोठा ढीग पडला होता. फावड्याने टेम्पोत भरत होते. कुणी वेगळे काढत नव्हतं, निवडत नव्हतं. भावजयीने विचारलं, "हे कुठं चाललं?"

"कुटायला," तांडेल म्हणाला. "पूड करतात. कोंबड्यांना घालायला."

ती ढिगाजवळ गेली. मीही गेले. बोटाएवढे मासे, तुटलेले खेकडे, चिखल, आणि अधेमधे काही निराळं होतं. करड्या पाठीची, पांढऱ्या पोटाची, वीतभर लांबीची, टोकदार शेपटीची पिल्लं. भावजय खाली बसली. तिने एक उचलून तळहातावर घेतलं. समुद्राजवळ पहिल्यांदाच आलेली ती बाई, समुद्राकडे तिने अजून नजरही टाकली नव्हती.

"हीच का मुशी?" तिने विचारलं.

तांडेलने मान हलवली.

"केवढी व्हती ही घरात. दाराच्या वर जायाची." तिने ते पिल्लू पुन्हा ढिगावर ठेवलं नाही. धक्क्याच्या कडेला जाऊन पाण्यात सोडलं. ते उलटं झालं, पोट वर करून तरंगलं. ती बघत राहिली. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला तेव्हा आम्ही बाजूला झालो.

परतीच्या गाडीत पेटी आमच्या दोघींच्या पायांमध्ये होती. घाट सुरू झाला. मला आता सांगितल्याशिवाय राहवेना. मी तिला म्हणाले, "तो जाणार नव्हता. मी पाठवला त्याला. नागपंचमीच्या आदल्या दिवशी गोठ्यात मी त्याला वाट्टेल ते बोलले. माझा उपवास होता त्याच्यासाठी, आणि मी असं बोलले."

ती खिडकीबाहेर बघत होती. वळणावर गाडी झुकली तेव्हा तिने पेटीवर हात ठेवला.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "त्यांनी सांगितलं व्हतं. त्या मुशीच्या पिल्लांचं बी सांगितलं व्हतं, तुमच्या आधी." मग थोड्या वेळाने, "म्या बी थांबवलं न्हाई, वन्सं. पिशवी म्याच भरून दिली."

मला वाटत होतं, ती मला काहीतरी बोलेल, दोष देईल, आणि मग मला रडता येईल. तिने तसं काही केलं नाही. गाडी घाटमाथ्यावर आली. खाली धरणाचं पाणी दिसायला लागलं. त्यात दोन-तीन होड्या होत्या. अलीकडे तिथेही माणसं जाळी टाकतात, बारीक डोळ्यांची.

फाटा आला. तिने पेटी उचलली. मला पुढे भोरला जाऊन आंबवड्याची गाडी धरायची होती, म्हणून मी पाय आत घेऊन तिला वाट करून दिली. ती पायरीवर थांबली आणि मागे वळली.

"उतरा की," ती म्हणाली. "भाकरी खाऊन जावा. आत्याबाई वाट बगत असतील."

कंडक्टर घंटी मारायच्या बेतात होता. मी उतरले. पेटीची एक कडी तिने धरली, एक मी धरली आणि आम्ही चढायला लागलो.